आई मुलाची कोण लागते?

बारशाला आलेल्या बायका पाळण्यात डोकावल्या की आधी बाळाची वाटणी करून टाकतात. नाक आजोबांचं, कपाळ बाबाचं, रंग आत्याचा, कानाची पाळी पणजीची. आईच्या वाट्याला बहुतेक वेळा हट्टीपणा येतो. ही सगळी थट्टा असते आणि पेढे खाल्ले की ती संपते. पण अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या मोठमोठ्या विचारवंतांनी हीच वाटणी अगदी गंभीरपणे केली होती. नाकाकानांवरून नव्हे हं. मूल तयार होतं त्यात आईचं मुळात काही असतं का, असा त्यांचा प्रश्न होता. आणि तो माणसापुरता नव्हता. कोंबडी, कुत्री, मासा, मधमाशी, सगळ्यांच्या आयांबद्दल होता.

मला हा विषय भेटला तो नाटकातून. इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्समध्ये एस्किलसची तीन नाटकांची मालिका झाली, ‘ओरेस्टिया’. गोष्ट अशी. राजा ॲगामेम्नॉन ट्रॉयच्या लढाईला निघाला, पण वारा उलटा सुटला. गलबतं हलेनात. तेव्हा त्यानं आपल्या मुलीचा, इफिजिनियाचा बळी दिला. दहा वर्षांनी तो जिंकून घरी आला, तेव्हा राणी क्लायटेम्नेस्ट्रानं त्याला मारलं. मग मुलगा ओरेस्टीस मोठा झाला आणि त्यानं आईला मारलं. मातृहत्या झाली म्हणून सूड घेणाऱ्या देवता त्याच्या मागे लागल्या. शेवटच्या नाटकात अथेन्समध्ये खटला उभा राहतो. त्या देवतांचं म्हणणं सरळ आहे. नवरा रक्ताचा नव्हे, मुलगा रक्ताचा आहे, म्हणून याचा गुन्हा जास्त मोठा. ओरेस्टीसचा वकील आहे अपोलो देव. तो काय मांडतो? तो म्हणतो की आई ही मुलाची जन्मदाती नव्हेच. पेरणारा तो जन्म देणारा. आई फक्त परक्याचं रोप सांभाळणारी दाई. आणि पुरावा म्हणून तो बोट दाखवतो न्यायासनावर बसलेल्या अथीनेकडे. ती झ्यूसच्या डोक्यातून जन्मली, तिला आई नाहीच. मतं समसमान पडतात, अथीनेचं मत ओरेस्टीसला आणि तो सुटतो.

मला पहिल्यांदा हे वाचताना अपोलोचा राग आला नाही, इफिजिनियाची आठवण आली. ज्या बाईनं लेक गेली म्हणून हत्यार उचललं, तिलाच सांगायचं की तू तिची कुणी लागत नव्हतीस.

आता कुणी म्हणेल, नाटकातला वकील काय, वाटेल ते बोलतो. खरं आहे. पण हे एस्किलसच्या पदरचं नव्हतं. त्याच काळात ॲनॅक्सागोरस नावाचा विचारवंत अथेन्सला होता, आणि बीज पुरुषाचं, बाईची फक्त जागा, असं त्याचं मत ॲरिस्टॉटलनं नोंदवून ठेवलं आहे. लग्न ठरवतानासुद्धा मुलीचा बाप जावयाला मुलगी द्यायचा ती औरस संततीच्या ‘नांगरणीसाठी’, शब्दच तसा होता. ही भाषा आपल्याला काही नवी नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज मोठं की क्षेत्र मोठं याचा चांगला लांबलचक काथ्याकूट आहे.

पण गंमत बघा. नाटकानंतर सातच वर्षांनी, इ.स.पू. ४५१ मध्ये, त्याच अथेन्समध्ये पेरिक्लीसनं कायदा करून घेतला की बाप आणि आई दोघंही अथेन्सचे असतील तरच मुलगा नागरिक. म्हणजे रंगभूमीवर आई परकी, आणि कायद्यात आई बाहेरची निघाली तर मुलगाच परका! आणखी एक. एका बापाची पण वेगवेगळ्या आयांची मुलं असतील तर त्यांचं लग्न अथेन्सच्या कायद्याला चालत असे. एका आईची असतील तर नाही. एका पोटातून आलेल्यांना शहर सख्खं मानत होतं. तत्त्वज्ञान एक म्हणत होतं आणि लोकांचा व्यवहार दुसरंच.

सगळेच तत्त्वज्ञ अपोलोच्या बाजूचे होते असंही नाही. सिसिलीचा एम्पेडोक्लीस म्हणायचा की अर्धं बापाकडून येतं, अर्धं आईकडून. ग्रीक लोकांत दोन घरांच्या मैत्रीची खूण म्हणून एक वस्तू मोडून अर्धी अर्धी वाटून घ्यायची रीत होती. पुढे कधी भेट झाली की तुकडे जुळवून बघायचे. मूल तसंच, असं त्याचं म्हणणं. मला हे सगळ्यात आवडलं. मुलगा की मुलगी, याचं उत्तर मात्र त्यानं गर्भाशयाच्या उष्णतेवर टाकलं. ऊब असेल तर मुलगा, गार असेल तर मुलगी. म्हणजे मुलगी झाली की गारठा बाईच्याच पोटात! डेमॉक्रिटस म्हणाला, बीजं दोघांची, ज्याचं वरचढ ठरेल तसं मूल. पार्मेनिडीस वगैरेंनी उजव्या-डाव्या बाजूचं खूळ काढलं, उजवीकडे मुलगे, डावीकडे मुली. डावी बाजू आपल्याच वाट्याला येणार हे सांगायला नकोच.

हिपोक्रेटीसच्या नावावर जे वैद्यकीय ग्रंथ जमा आहेत, त्यांत गर्भावरचा एक लेख आहे, पाचव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा. त्याचा लेखक कोण ते ठरलेलं नाही, पण माणूस घरात वावरलेला असावा. तो म्हणतो की स्त्री आणि पुरुष दोघांनाही बीज असतं, ते सगळ्या अंगातून गोळा होतं, आणि दोघांकडे सबळ आणि दुबळं अशी दोन्ही तऱ्हेची बीजं असतात. म्हणून तर मूल काही बाबतींत आईसारखं आणि काही बाबतींत बापासारखं दिसतं. अगदी एकाचसारखं कधीच नाही. मूल पोटात अरुंद जागेत वाढलं तर खुरटतं हे सांगायला तो काकडीचा दाखला देतो. वेलीला धरलेली कोवळी काकडी भांड्यात घालून ठेवली तर ती भांड्याच्या आकाराची होते. परसात वेल लावणाऱ्या कुठल्याही बाईला पटेल असा दाखला.

पुढे तो एक प्रयोग सांगतो. वीस किंवा जास्त अंडी घ्या, दोन-तीन कोंबड्यांखाली ठेवा, दुसऱ्या दिवसापासून रोज एक फोडून बघत जा. कोंबडीच्या पिल्लाची वाढ माणसाच्या गर्भाशी ताडून पाहता येईल. आता आमच्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. ‘रोज एक फोडा’ हे वाचताना माझ्या जिवावर आलं, ते लपवत नाही. जीव कसा तयार होतो हे बघायला रोज एक जीव संपवायचा. पण माणसानं गर्भाबद्दल नुसतं बोलणं सोडून डोळ्यांनी बघायला सुरुवात केली ती इथे, हेही मान्य करायलाच हवं.

या सगळ्यांनंतर आला ॲरिस्टॉटल. इ.स.पू. ३८४ चा जन्म, बाप मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य. प्लेटो गेल्यावर हा अथेन्स सोडून आशिया मायनरच्या किनाऱ्यावर गेला. तिथे अटार्नियसच्या हर्मियास नावाच्या शासकाच्या नात्यातल्या पिथियासशी त्यानं लग्न केलं. मग समोरच्याच लेस्बॉस बेटावर राहिला. तिथल्या पिर्रा गावाजवळच्या खाजणातले मासे, शिंपले, कालवं यांचे उल्लेख त्याच्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा येतात. कोळी, मेंढपाळ, मधमाश्या पाळणारे, सगळ्यांना विचारत फिरला असणार. आणि मग त्यानं फक्त प्राण्यांच्या उत्पत्तीवर पाच भागांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या आधी या विषयावर इतकं सलग कुणी लिहिलेलं नव्हतं.

बघण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. कोंबडीच्या अंड्यात तीन दिवस आणि तीन रात्री झाल्या की पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो जिवंत असल्यासारखा उडतो, तेच हृदय, हे त्यानं लिहून ठेवलं. एका जातीच्या मुशीचं पिल्लू आईच्या पोटात नाळेनं गर्भाशयाला जोडलेलं असतं, असंही त्यानं लिहिलं. माशाला कसली नाळ, म्हणून लोकांनी ते मनावर घेतलं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या योहानेस म्यूलरनं तपासलं आणि म्हातारा बरोबर ठरला. उजव्या-डाव्या बाजूची गोष्ट तर त्यानं एका वाक्यात झोपवली. प्राण्यांचं पोट उघडून बघा, नर आणि मादी अशी जुळी कितीदा तरी एकाच बाजूला सापडतात.

अशा माणसानं आईबद्दल काय ठरवलं? तर अपोलोनं जे ठरवलं जवळजवळ तेच, फक्त वकिली सोडून शास्त्राच्या भाषेत. त्याचं गणित असं. अन्नाचं रक्त होतं, अंगात पुरेशी उष्णता असेल तर ते रक्त आणखी शिजून बीज होतं. पुरुष उष्ण, त्याचं शिजतं. बाई थंड, तिचं अर्धकच्चं राहतं, ते दर महिन्याला बाहेर जातं. तेव्हा बाईकडे बीज नाही, फक्त द्रव्य आहे. त्या द्रव्याला आकार, गती आणि जीव देणारा पुरुष. सुतार लाकडाचा पलंग करतो, पण सुताराच्या अंगातलं काही पलंगात जात नाही, तसं. बाई म्हणजे लाकूड.

दुसरी उपमा त्यानं दुधाची दिली, आणि ती आपल्या हद्दीतली म्हणून मी जरा थांबते. दुधात अंजिराचा चीक घातला की दूध फाटून घट्ट होतं. चीक म्हणजे बापाचं बीज, दूध म्हणजे आईचं रक्त, घट्ट झालेला गोळा म्हणजे गर्भ. चीज करायला ग्रीक लोक हा चीक वापरत, नाहीतर वासराच्या पोटातलं रेनेट. (म्हणून तर आपण चीजच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतो.) पण मला सांगा, म्हशीच्या दुधाचं दही आणि गाईच्या दुधाचं दही एकसारखं लागतं का? विरजण एकाच भांड्यातलं असलं तरी? चव, दाटपणा, रंग दुधावर जातो हे दही लावणाऱ्या कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. ॲरिस्टॉटलला स्वयंपाकघरात कुणी चार दिवस बसवायला हवं होतं.

आणि त्याच्या स्वतःच्या नोंदींत तरी काय होतं? कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालते, हे त्यानं पाहिलं होतं. आईकडे नुसतं लाकूडच असेल तर हा पलंग आपोआप अर्धा कसा तयार झाला? मग त्याला म्हणावं लागलं की वाढण्यापुरता जीव मादी देऊ शकते, जाणिवेचा जीव नराकडूनच यायला हवा. कुत्रा आणि कोल्हा यांची पैदास झाली तर पहिली पिढी दोघांसारखी असते, पण पुढे पुढे संतती मादीच्या वळणावर जाते, हेही त्यानंच लिहिलं; परक्या जमिनीत पेरलेलं बी शेवटी त्या जमिनीसारखं होतं म्हणून.

सगळ्यात बोलकी नोंद एलिस गावच्या बाईची. तिला इथिओपियाच्या पुरुषापासून मुलगी झाली. मुलगी बापाच्या वर्णाची नव्हती. त्या मुलीला पुढे मुलगा झाला, तो मात्र आजोबांच्या वर्णाचा. बीज सगळ्या अंगातून येतं हे म्हणणं खोडायला ॲरिस्टॉटल हा दाखला देतो. पण थोडं थांबून विचार करू या. आजोबांचा रंग नातवापर्यंत कुणाच्या हातून गेला? मुलीच्या. जिच्याकडे नुसतं द्रव्य, आकार देणारं काही नाही, तिनंच तो एक पिढी जपून ठेवून पुढे दिला. इतक्या बुद्धिमान माणसाच्या हातात ही किल्ली होती आणि त्यानं ती दुसऱ्याच कुलपाला लावली.

मूल आईसारखं दिसतं त्याचं काय, हा प्रश्न त्याला टाळता आला नाहीच. उत्तर दिलं ते असं, की बापाकडून आलेली गती कधी कधी कमी पडते, मग आकार आईच्या बाजूला घसरतो. मुलगी होणं ही त्या घसरणीची पहिली पायरी. निसर्गाला गरजेची, पण घसरणच. स्त्री म्हणजे जणू अपुरा राहिलेला पुरुष, असंही त्यानं लिहिलं. मेंढ्या फळताना उत्तरेचा वारा असेल तर नर, दक्षिणेचा असेल तर माद्या, हे मेंढपाळांचं म्हणणंही त्याला पटण्यासारखं वाटलं. वाऱ्याला दोष देणारे मेंढपाळ मला जरा बरे वाटतात. निदान मेंढीला कुणी बोल लावत नव्हतं. माझ्या पाहण्यातल्या एका घरात तिसरी मुलगी झाल्यावर सुनेला कसकसले काढे पाजले, नवस बोलायला लावले. मुलाला कुणी साधा एक प्रश्न विचारला नाही. त्या घरात ॲरिस्टॉटलचं नाव कुणी ऐकलेलं नसेल, पण विचार तिथे अगदी ओळखीचा होता.

त्याच्यावर अन्याय नको म्हणून मधमाश्यांचं सांगते. पोळ्यात कोण कुणाला जन्म देतं हे त्याला उलगडेना. कामकरी माश्या मादी असाव्यात, तर त्यांना नांगी कशी? निसर्ग मादीला शस्त्र देत नाही. नर असाव्यात, तर पिल्लांचं संगोपन कशा करतील? नर ते करत नाही. राणीला तर सगळे ‘राजा’च म्हणत. इतका वेळ डोकं लढवून शेवटी तो लिहितो की याबाबतची माहिती अजून पुरेशी हाती आलेली नाही. पुढे ती मिळाली तर तर्कापेक्षा निरीक्षणावर विश्वास ठेवावा. दोन हजार वर्षांनी हॉलंडच्या स्वामरडॅमनं तो राजा चिरून भिंगाखाली पाहिला, तर त्याच्या पोटात अंडाशय.

डास, माश्या, कालवं, बाम मासा हे आई-बापांशिवाय चिखलातून, दवातून, कुजक्यातून आपोआप होतात असंही ॲरिस्टॉटल मानत होता. हे वाचताना आपल्या पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र शिकलेल्या बायकांना दुसरा अध्याय आठवेल. तिथे जन्माचे तीन प्रकार आहेत, संमूर्च्छन, गर्भ आणि उपपाद, आणि गर्भजन्माचे जरायुज, अंडज, पोतज असे भेद. कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणत नाही. पण जन्म हा मोजायचा, वर्गवार लावायचा विषय आहे असं दोन्हीकडच्या लोकांना वाटत होतं. सुश्रुतसंहितेत तर शरीराची वाटणीच आहे. हाडं, दात, नखं, केस बापाकडून. मांस, रक्त आणि हृदय आईकडून. पाळण्याजवळच्या बायकांना हे वाचून दाखवायला हवं.

ॲरिस्टॉटलनंतर थोड्याच वर्षांनी अलेक्झांड्रियात हेरोफिलसनं मृत शरीरं उघडून पाहिली आणि स्त्रीच्या पोटातली अंडाशयं प्रथमच वर्णन करून ठेवली. पुरुषाच्या अंडकोशाला जो शब्द होता, ‘जुळे’, तोच त्यानं यांना दिला. म्हणजे बाईकडेही बीज आहे, हे शब्दातच आलं. पण त्याची नळी मूत्राशयाकडे जाते अशी त्याची समजूत झाली, तेव्हा ते बीज असून नसल्यासारखं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलननं ॲरिस्टॉटलशी वाद घालून स्त्रीबीज आहेच असं ठासून सांगितलं आणि लगेच जोडलं, की ते थंड आणि दुबळं असतं. पुढची दीड हजार वर्षं अरब आणि युरोपीय वैद्य या दोघांच्या मध्ये हेलपाटे घालत राहिले.

स्त्रीबीज प्रत्यक्ष डोळ्यांना दिसलं ते १८२७ साली. कार्ल फॉन बेअर नावाच्या संशोधकाला कुत्रीच्या अंडाशयात एक पिवळसर ठिपका दिसला. माणसात तो ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो, आणि तरी आपल्या शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या पेशींपैकी तो एक. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगनं सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यात अंड्याचं आणि शुक्राणूचं केंद्रक एकमेकांत मिसळताना पाहिलं. याच प्राण्याच्या तोंडाच्या सांगाड्याला ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. मोडलेल्या खुणेचे दोन तुकडे जुळतात ही एम्पेडोक्लीसची कल्पना अशी तेवीसशे वर्षांनी खरी ठरली.

ॲरिस्टॉटलचं मृत्युपत्र शिल्लक आहे. पिथियास त्याच्या आधी गेली होती. त्यांना एकच मुलगी झाली आणि तिचं नाव त्यानं पिथियासच ठेवलं होतं, आईचं. मृत्युपत्रात लिहिलंय की मला जिथे पुराल तिथेच पिथियासच्या अस्थी आणून ठेवा, तिची तशी इच्छा होती.

मुलगा की मुलगी हा हिशेब राहिला होता. तो सोडवला अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्सनं, १९०५ मध्ये. बाईंनी बरीच वर्षं शाळेत शिकवून पैसे साठवले आणि पस्तिशीत विद्यापीठाची पायरी चढली. अभ्यासाला घेतल्या पिठात होणाऱ्या अळ्या आणि त्यांचे भुंगेरे. आपण पीठ चाळताना जपून बाजूला काढतो त्यांच्यातलीच जात. मादीच्या पेशीत तिला वीस मोठी गुणसूत्रं दिसली. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक ठेंगणं. नराच्या शुक्राणूंतल्या अर्ध्यांत ते ठेंगणं होतं आणि अर्ध्यांत नव्हतं. ज्यांत होतं त्यांच्यापासून नर, नव्हतं त्यांच्यापासून मादी. मादीची अंडी सगळी एकाच तऱ्हेची होती.